वाचक विचारतात : चावीपासून पत्त्यापर्यंत

क्रिप्टो वॉलेटमधल्या (आभासी चलन सांभाळणाऱ्या ॲपमधल्या) पत्त्यांविषयी, म्हणजे ते चलन स्वीकारण्यासाठी द्यायच्या अक्षर-अंकांच्या ओळींविषयी, आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून या अंकात एकत्र घेतले आहेत. ‘प्रायव्हेट की’ आणि ‘पब्लिक की’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी असले, तरी मराठी वाक्यात ते आले की वाचणारा ‘की’पाशी अडखळतो. म्हणून इथे सगळीकडे खासगी चावी आणि सार्वजनिक चावी असे लिहिले आहे.

प्रश्न : फोनचे इंटरनेट बंद होते, तरी वॉलेटने नवा पत्ता क्षणात दिला. मग त्याची नोंद झाली कुठे? तोच पत्ता आणखी कोणाला मिळाला तर?

उत्तर : नोंद कुठेच झालेली नाही आणि तिची गरजही नसते. बिटकॉइन किंवा इथेरियममध्ये पत्ते वाटणारे कोणतेही कार्यालय नाही. तुमच्या फोनने एक मोठी संख्या यादृच्छिकपणे निवडली. ती खासगी चावी. पत्त्यावरचे पैसे खर्च करताना व्यवहारावर सही तिनेच होते. तिच्यापासून गणिताने सार्वजनिक चावी काढली आणि सार्वजनिक चावीवर हॅशची प्रक्रिया (कोणत्याही माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारे, उलटवता न येणारे गणित) करून पत्ता काढला. हे सगळे फोनच्या आतच होते. त्या पत्त्यावर पहिली रक्कम येईपर्यंत तो पत्ता आहे हे नेटवर्कला ठाऊकही नसते.

खासगी चावी १ पासून एका ठरावीक ७८ आकडी संख्येपर्यंत काहीही असू शकते. ही वरची मर्यादा २ च्या २५६ व्या घातापेक्षा किंचित कमी आहे. बिटकॉइनचा नेहमीचा पत्ता मात्र १६० बिटांचा असतो, म्हणजे पत्त्यांची संख्या ४९ आकडी. चाव्या जास्त आणि पत्ते कमी, त्यामुळे एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या चाव्या अनेक असणार, साधारण २ चा ९६ वा घात इतक्या. ऐकायला हे धोक्याचे वाटते. पण त्यांतली एक जरी शोधायची, तरी सरासरी २ च्या १६० व्या घाताइतके प्रयत्न लागतील आणि ते जगातल्या सगळ्या संगणकांच्याही आवाक्याबाहेरचे आहे. दोघांना एकच पत्ता मिळण्याचा खरा धोका वेगळा आहे : संख्या ‘यादृच्छिक’ निवडली असे वॉलेटने म्हणायचे आणि प्रत्यक्षात ती तशी नसायची. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

प्रश्न : खासगी चावीपासून सार्वजनिक चावी काढता येते, पण उलट जाता येत नाही, असे सगळीकडे वाचतो. नेमके कोणते गणित होते ते कोणी सांगत नाही.

उत्तर : छोट्या आकड्यांवर करून पाहिले की ते कागदावर समजते. बिटकॉइन आणि इथेरियम ज्या वक्रावर चालतात त्याचे नाव एसईसीपी२५६के१ आणि समीकरण य² = क्ष³ + ७. सगळी बेरीज-गुणाकार एका प्रचंड मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत होतात. ती मूळ संख्या म्हणजे २ चा २५६ वा घात, वजा २ चा ३२ वा घात, वजा ९७७. आपण तिच्या जागी १७ घेऊ.

आरंभबिंदू (१, ५) धरा. क्ष बाजू १ + ७ = ८. य बाजू २५, १७ ने भागल्यावर बाकी ८. दोन्ही जुळतात, म्हणजे बिंदू वक्रावर आहे. आता या बिंदूची स्वतःशीच ‘बेरीज’ करायची. त्यासाठी त्या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ लागतो : ३क्ष² भागिले २य, म्हणजे ३ भागिले १०. बाकी उरवण्याच्या या गणितात भागाकार म्हणजे व्यस्ताने गुणणे. १० × १२ = १२० आणि १२० ला १७ ने भागून बाकी १ उरते, म्हणून १० चा व्यस्त १२. चढ = ३ × १२ = ३६, बाकी २. नवा क्ष = चढाचा वर्ग वजा १ वजा १ = २. नवा य = २ × (१ − २) − ५ = −७, म्हणजे १०. दुप्पट बिंदू मिळाला (२, १०). त्यात पुन्हा आरंभबिंदू मिळवला की (५, ९), मग (१२, १), पुढे (१२, १६), (५, ८), (२, ७), (१, १२), आणि नवव्या पायरीला ‘शून्य बिंदू’ येऊन चक्र पूर्ण होते.

खासगी चावी म्हणजे आरंभबिंदू किती वेळा मिळवायचा तो आकडा. सार्वजनिक चावी म्हणजे शेवटी जिथे पोचलो तो बिंदू. चावी ४ असेल तर सार्वजनिक चावी (१२, १). इथे नऊच पायऱ्या आहेत, त्यामुळे (१२, १) पाहून ‘चार’ हे यादीतून शोधता येते. खऱ्या वक्रावर पायऱ्यांची संख्या ७८ आकडी आहे. पुढे जाताना दुपटीने जाता येते : एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि लागेल तिथे एक मिळवायचा. त्यामुळे २५६ च्या आसपास दुपटी आणि त्याहून कमी बेरजांत काम होते, संगणकाला क्षणही लागत नाही. मागे येताना असा कोणताही आडरस्ता सापडलेला नाही. आजच्या संगणकांसाठी ज्ञात असलेल्या सर्वांत चांगल्या पद्धतीलाही सुमारे २ च्या १२८ व्या घाताइतक्या पायऱ्या लागतात.

वरची यादी पुन्हा एकदा पाहा. दुसरा बिंदू (२, १०) आणि सातवा (२, ७). क्ष एकच, य वेगळा. एक य सम, दुसरा विषम, आणि दोघांची बेरीज १७. प्रत्येक क्षला अशी जोडीच येते. म्हणून सार्वजनिक चावी साठवताना पूर्ण य लिहायची गरज नसते. य सम असेल तर पुढे ०२, विषम असेल तर ०३, आणि मग ३२ बाइटांचा क्ष, एवढे पुरते. ही ३३ बाइटांची संक्षिप्त चावी. जुनी पूर्ण चावी ०४, क्ष आणि य मिळून ६५ बाइटांची असते. बिंदू तोच, पण लिहिण्याची पद्धत बदलली की हॅश बदलतो आणि पत्ताही बदलतो. जुन्या वॉलेटमधली चावी नव्या वॉलेटमध्ये टाकल्यावर ‘पैसे गायब’ दिसतात, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा एवढेच असते.

प्रश्न : शिकण्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहून बिटकॉइनचा पत्ता काढतो आहे. सार्वजनिक चावी बरोबर येते, पत्ता जुळत नाही. कुठे चुकते?

उत्तर : चाचणीसाठी खासगी चावी १ घ्या. तिची सार्वजनिक चावी म्हणजे खुद्द आरंभबिंदू, त्यामुळे वक्राच्या गणितातली चूक आपोआप बाजूला पडते. (या चावीवर पैसे मात्र कधीही ठेवू नका. ती सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावर आलेली रक्कम लगेच उचलली जाते.)

आता ३३ बाइटांच्या संक्षिप्त चावीवर एसएचए-२५६ चालवा, मिळालेल्या ३२ बाइटांवर राइपएमडी-१६० (या दोन्ही हॅशच्या पद्धती). हाती २० बाइट येतील. चावी १ साठी त्यांची सुरुवात सोळा-आधारी लिपीत (० ते ९ आणि ए ते एफ) ७५१ई७६ई८ अशी व्हायला हवी. ती ९१बी२४बीएफ९ अशी आली, तर तुम्ही ६५ बाइटांची पूर्ण चावी वापरली आहे. तिसरेच काही आले, तर बहुधा बाइटांऐवजी अक्षरांचा हॅश काढला गेला आहे. ३३ बाइट सोळा-आधारी लिपीत ६६ अक्षरांचे दिसतात आणि ती ६६ अक्षरे मजकूर म्हणून हॅशला दिली की उत्तर चुकते. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच आहे.

काही संगणकांवर राइपएमडी-१६० मिळतच नाही. ओपनएसएसएल ३.० मध्ये तो जुन्या, आपोआप सुरू नसलेल्या गटात ढकलला गेला होता आणि ३.०.७ पासून पुन्हा नेहमीच्या गटात आला. पायथनच्या हॅशलिबमध्ये ‘असमर्थित हॅश’ अशी तक्रार येत असेल तर आधी ओपनएसएसएलची आवृत्ती पाहा.

पुढची पायरी : २० बाइटांच्या आधी ०० हा एक बाइट जोडा. या २१ बाइटांवर एसएचए-२५६ दोनदा चालवा आणि उत्तराचे पहिले ४ बाइट शेवटी जोडा. हा चेकसम, म्हणजे लिहिताना झालेली चूक पकडणारी भर. तो २० बाइटांवर नव्हे, तर २१ वर काढायचा असतो. एकूण २५ बाइट झाले, ते बेस५८ मध्ये लिहायचे. या लिपीत शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हे गाळली आहेत. साधे संख्या-रूपांतर सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते. बेस५८ मध्ये मात्र सुरुवातीच्या प्रत्येक शून्य बाइटासाठी ‘१’ लिहावा लागतो. जुन्या पत्त्यांची सुरुवात १ ने होते ती यामुळेच. चावी १ चा पत्ता ३४ अक्षरी आहे. तुमचा ३३ अक्षरी आला आणि पुढे १ नसेल, तर चूक इथे आहे.

एक चूक मात्र लपून बसते. क्ष किंवा य ही संख्या लहान निघाली आणि तिचा पहिला बाइट शून्य असेल, तर काही प्रोग्रॅम ३२ ऐवजी ३१ बाइटच देतात. क्षच्या बाबतीत असे २५६ चाव्यांमागे सरासरी एकदा घडते. प्रोग्रॅम शंभर वेळा बरोबर चालतो आणि मग एक असा पत्ता देतो, ज्यावरचे पैसे दुसरे कोणतेही वॉलेट शोधू शकत नाही. लांबी नेहमी ३२ बाइटांपर्यंत डावीकडे शून्ये भरून घ्या, आणि चाचणी हजारभर चाव्यांवर, दुसऱ्या एखाद्या सिद्ध लायब्ररीशी ताडून करा.

प्रश्न : १ ने, ३ ने आणि बीसी१ ने सुरू होणारे पत्ते यांत फरक काय? एखादे अक्षर चुकले तर पैसे बुडतात का?

उत्तर : १ चा पत्ता वर सांगितला तो. ३ च्या पत्त्यात सार्वजनिक चावीऐवजी खर्चाच्या अटींचा, म्हणजे स्क्रिप्टचा, हॅश असतो आणि सुरुवातीला जोडायचा बाइट ०० ऐवजी ०५. अनेक सह्या लागणारी वॉलेटे यातून आली. सेगविट (व्यवहारातल्या सह्या वेगळ्या ठेवणारा बिटकॉइनमधला बदल) ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाल्यावर जुन्या वॉलेटांनाही पैसे पाठवता यावेत म्हणून सेगविटची अट या ३ च्या वेष्टनात ठेवली जाऊ लागली.

बीसी१क्यू ने सुरू होणारा ४२ अक्षरी पत्ता बेच३२ लिपीतला. आत तेच २० बाइट असतात, पण त्यांचे पाच-पाच बिटांचे ३२ तुकडे करून प्रत्येकाला एक अक्षर दिलेले असते आणि शेवटची सहा अक्षरे चेकसमची. ती चारपर्यंत चुकलेली अक्षरे हमखास पकडतात. सगळी अक्षरे एकतर छोटी किंवा सगळी मोठी, मिसळ चालत नाही. या लिपीत मात्र नंतर एक खोट सापडली : पत्त्याचे शेवटचे अक्षर ‘पी’ असेल तर त्याच्या लगेच आधी ‘क्यू’ घातले किंवा काढले तरी चेकसम बरोबरच येतो. बीसी१क्यू पत्त्यांना लांबी ठरलेली असल्यामुळे त्याचा त्रास झाला नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या टॅपरूट या बिटकॉइनमधल्या पुढच्या सुधारणेच्या बीसी१पी पत्त्यांसाठी चेकसममधला एक स्थिरांक बदलून बेच३२एम ही सुधारित लिपी घेतली गेली. खूप जुने वॉलेट बीसी१पी पत्ता ‘अवैध’ म्हणते, ते या कारणाने. पत्ता ठीक असतो, वॉलेट अद्ययावत करावे लागते.

अक्षर चुकले तर वॉलेट पाठवण्याआधीच अडवते. १ आणि ३ च्या पत्त्यांत चूक निसटण्याची शक्यता ४,२९,४९,६७,२९६ मध्ये एक. हाताने टाइप करतानाच्या चुकीची भीती त्यामुळे फारशी बाळगू नये. भीती असावी ती बरोबर लिहिलेल्या पण दुसऱ्याच कोणाच्या पत्त्याची.

प्रश्न : इथेरियमच्या पत्त्यात काही अक्षरे मोठी, काही छोटी का? सगळी छोटी केली तरी पैसे पोचले.

उत्तर : इथेरियममध्ये वक्र तोच, पुढचा रस्ता वेगळा. पूर्ण सार्वजनिक चावीतला ०४ काढून टाकायचा, उरलेल्या ६४ बाइटांवर केचॅक-२५६ चालवायचा आणि उत्तराचे शेवटचे २० बाइट ठेवायचे. सोळा-आधारी लिपीत ती ४० अक्षरे होतात, पुढे शून्य-एक्स. चावी १ साठी पत्ता ७ई५एफ४५५२ ने सुरू होतो.

इथे सगळ्यात जास्त घोळ केचॅकमुळे होतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने केचॅकवरून एसएचए-३ हे मानक २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात शेवटी भर घालण्याची पद्धत बदलली. इथेरियमने जुनी पद्धत ठेवली. त्यामुळे भाषेच्या नेहमीच्या लायब्ररीतला एसएचए३-२५६ घेतला की पत्ता साफ वेगळा येतो. ओळखायची खूण सोपी आहे. रिकाम्या मजकुराचा हॅश काढा : सी५डी२४६०१ ने सुरुवात झाली तर केचॅक, ए७एफएफसी६एफ८ ने झाली तर एसएचए-३.

मूळ पत्त्यात चेकसम नव्हताच. २०१६ मध्ये ईआयपी-५५ या प्रस्तावाने तो अक्षरांच्या मोठे-छोटेपणात बसवला. छोट्या अक्षरांतल्या ४० अक्षरी पत्त्याचा मजकूर म्हणून केचॅक काढतात (बिटकॉइनमध्ये जी चूक, ती इथे मुद्दाम सांगितलेली पद्धत आहे). ज्या जागी हॅशमधला अंक ८ किंवा जास्त असेल, त्या जागचे अक्षर मोठे करतात. अंकांना मोठे-छोटे रूप नसल्याने तपासणीचे बिट सरासरी पंधराच मिळतात आणि सुमारे चार हजारांत एक चूक निसटू शकते. सगळी अक्षरे छोटी केली की ही तपासणी बंदच पडते. तुमचे पैसे पोचले, कारण पत्ता योग्य होता. तेव्हा एक अक्षर चुकले असते तर ते पकडणारे कोणी नव्हते.

प्रश्न : वॉलेटने सुरुवातीला लिहून ठेवायला दिलेले बारा शब्द तेच, पण दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकल्यावर शिल्लक शून्य दिसते. शब्द चुकले का?

उत्तर : शब्द चुकले असते तर बहुतेक वेळा वॉलेटने ते स्वीकारलेच नसते. शिल्लक शून्य दिसते तेव्हा आधी मार्ग तपासा.

शब्दांपासून पत्त्यापर्यंतची वाट अशी आहे. बारा शब्द म्हणजे १२८ यादृच्छिक बिट आणि ४ चेकसम बिट, मिळून १३२. अकरा-अकरा बिटांचा एक शब्द, म्हणून यादीत २,०४८ शब्द. या शब्दांवर आणि पासफ्रेज (स्वतः ठरवलेला जादा गुप्त शब्द) असल्यास तिच्यावर पीबीकेडीएफ२ नावाची प्रक्रिया २,०४८ फेऱ्या चालते आणि ५१२ बिटांचे सीड निघते. त्या सीडपासून मुख्य चावी, तिच्यापासून फांद्या, फांद्यांपासून पाने. प्रत्येक पान म्हणजे एक खासगी चावी आणि तिचा एक पत्ता. कोणत्या फांदीवर जायचे ते मार्ग ठरवतो. बिटकॉइनमध्ये मार्गातला पहिला आकडा ४४ असेल तर १ चे पत्ते, ४९ असेल तर ३ चे, ८४ असेल तर बीसी१क्यू, ८६ असेल तर बीसी१पी. इथेरियमचा नेहमीचा मार्ग ४४, ६०, ०, ०, ०. शब्द एकच, पण चार मार्गांवर चार पूर्णपणे वेगळी वॉलेटे. जुना एखादा पत्ता इतिहासात सापडला तर त्याच्या सुरुवातीवरून मार्ग लगेच कळतो. नव्या वॉलेटमध्ये ‘डेरिव्हेशन पाथ’ किंवा ‘पत्त्याचा प्रकार’ अशी निवड शोधा आणि तो मार्ग द्या.

मार्ग बरोबर असूनही शिल्लक अपुरी दिसत असेल, तर अंतराची मर्यादा पाहा. सलग २० न वापरलेले पत्ते दिसले की बहुतेक वॉलेटे शोध थांबवतात. कोणी चाळीस पत्ते तयार करून वाटले आणि पैसे फक्त पस्तिसाव्यावर आले, तर ते दिसणारच नाहीत. सेटिंगमध्ये ही मर्यादा १०० केली की दिसतील.

तिसरे कारण पासफ्रेज, आणि हे सर्वांत निर्दय. शब्दांना चेकसम आहे, पासफ्रेजला नाही. कोणतीही पासफ्रेज दिली तरी एक वैध, रिकामे वॉलेट उघडते आणि चूक झाली असे कोणी सांगत नाही. देवनागरीत पासफ्रेज ठेवणाऱ्यांनी तर फार जपावे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो : ऱ हे अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ चेही तसेच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, आतले बाइट वेगळे. या बारा शब्दांच्या मानकातली युनिकोड सारखी करण्याची पायरी हा फरक मिटवत नाही. फोन बदलला, कीबोर्ड बदलला, की तीच पासफ्रेज वेगळे वॉलेट उघडते. पासफ्रेज साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बारापैकी एक शब्द पुसला गेला आहे. काही करता येईल?

उत्तर : नक्की येईल. कोणत्या जागचा शब्द ते माहीत असेल तर २,०४८ शक्यता, आणि चेकसम त्यांतल्या सुमारे १२८ च शिल्लक ठेवतो. चोवीस शब्दांच्या वॉलेटमध्ये तर आठच्या आसपास उरतात. जागाही माहीत नसेल तर १२ × २,०४८ = २४,५७६, चेकसमनंतर दीड हजारांच्या घरात. प्रत्येक शक्यतेचा पहिला पत्ता काढून तो तुमच्या माहितीतल्या पत्त्याशी ताडायचा. साध्या लॅपटॉपला हे झेपते. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे वेगळी असल्यामुळे अर्धवट दिसणारा शब्दही बहुधा ओळखता येतो. हे काम नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर, मुक्त स्रोत साधनाने करा. उरलेले अकरा शब्द कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नका आणि मदत करायला पुढे आलेल्या अनोळखी माणसाला सांगू नका.

प्रश्न : यादीतून मनानेच बारा शब्द निवडले तर जास्त सुरक्षित नाही का? मशीनवर विश्वास का ठेवायचा?

उत्तर : मनाने निवडू नका. माणूस शब्द निवडतो तेव्हा ओळखीचे, एकमेकांशी नाते असलेले शब्द येतात, आणि अशा वाक्यांवरून काढलेल्या चाव्या चोर आधीच मोजून ठेवतात. शिवाय मनाने निवडलेले बारा शब्द चेकसमला उतरण्याची शक्यता सोळात एक.

मशीनबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या देणाऱ्या भागात दोष आढळला. व्यवहारांवर सही करताना दर वेळी नवी लागणारी गुप्त संख्या काही वॉलेटांत पुन्हा वापरली गेली आणि दोन सह्यांवरून खासगी चावी काढता आली. २०२२ मध्ये प्रोफॅनिटी या साधनाचे बिंग फुटले. ते इथेरियमसाठी हवी ती सुरुवात असलेले पत्ते शोधून देत असे, पण त्याची २५६ बिटांची चावी फक्त ३२ बिटांच्या बीजातून वाढवलेली होती. शक्यता उरल्या सव्वाचारशे कोटींच्या वर थोड्या, आणि तेवढ्या ग्राफिक्स कार्डांवर तपासून होतात. त्या सप्टेंबरात विंटरम्यूट या कंपनीचे सुमारे १६ कोटी डॉलर गेले, त्यामागे असाच पत्ता असल्याचे मानले जाते. २०२३ मध्ये लिबबिटकॉइनच्या बीएक्स साधनातही तीच गत दिसली. सीड संगणकाच्या घड्याळाच्या ३२ बिटांवरून काढले जात होते. वेळ शून्य धरली की निघणाऱ्या शब्दांतले पहिले दोन ‘मिल्क’ आणि ‘सॅड’, म्हणून त्या दोषाला तेच नाव पडले. या सर्व ठिकाणी वक्राचे गणित आणि हॅश बिनचूक होते. पत्ता दिसायला इतर कोणत्याही पत्त्यासारखाच होता, आणि नेमके म्हणूनच कोणाला संशय आला नाही.

स्वतःचा यादृच्छिकपणा हवा असेल तर फासे टाका. एका सहा बाजूंच्या फाशातून सुमारे २.५८ बिट मिळतात. बारा शब्दांसाठी ५०, चोवीस शब्दांसाठी ९९ किंवा १०० फासे. न आवडलेला आकडा परत टाकायचा नाही, सगळे क्रमाने लिहायचे. फासे घेणाऱ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (चाव्या सांभाळणाऱ्या छोट्या स्वतंत्र उपकरणात) आकडे भरा आणि मिळालेले शब्द दुसऱ्या, नेटवर्कबाहेरच्या साधनाने त्याच आकड्यांवरून काढून जुळतात का पाहा. शेवटचा शब्द चेकसममुळे साधनानेच काढावा लागतो.

प्रश्न : हिशेब ठेवणाऱ्याला ‘एक्सपब’ देणे सुरक्षित आहे का?

उत्तर : एक्सपब म्हणजे एका फांदीची सार्वजनिक चावी आणि तिच्यासोबतचा ३२ बाइटांचा साखळी-संकेत. यावरून त्या फांदीवरचे सगळे पत्ते काढता येतात, खर्च करता येत नाही. म्हणजे पैसे सुरक्षित, पण तुमची पूर्ण उलाढाल त्या माणसासमोर उघडी. पुढचे पत्तेही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. साध्या फांद्यांवर मुलाची (खालच्या पायरीची) खासगी चावी = पालकाची (वरच्या पायरीची) खासगी चावी + एक संख्या, आणि ती संख्या एक्सपबवरून कोणालाही काढता येते. म्हणजे एक्सपब आणि त्याखालची एकच खासगी चावी एकत्र मिळाली, तर साधी वजाबाकी करून पालकाची खासगी चावी निघते आणि तिच्याबरोबर सगळी फांदी जाते. म्हणून एखाद्या पत्त्याची सुटी खासगी चावी कोणाला देऊ नये, त्यात दहा रुपयांचे नाणे असले तरी. मार्गात आकड्याला वर टिंबासारखी खूण असते, त्या ‘कठोर’ पायऱ्यांवर ही वजाबाकी चालत नाही. त्या खात्याच्या पातळीपर्यंत ठेवलेल्या असतात, त्यामुळे शेजारचे खाते वाचते.

प्रश्न : पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे जुळली की पाठवतो. एवढे पुरते ना?

उत्तर : आता पुरत नाही. सोळा-आधारी लिपीत आठ अक्षरे जुळवायची म्हणजे सरासरी ४२९ कोटी चाव्या तपासायच्या, आणि चोरांसाठी ते किरकोळ काम आहे. ते तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता घडवतात, त्यावरून तुम्हाला शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतात आणि वाट पाहतात. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता उचलला की तो त्यांचा असतो. चेकसम इथे काहीच करत नाही, कारण पत्ता पूर्ण वैध आहे. पत्ता इतिहासातून कधीच उचलू नका. घेणाऱ्याकडून दर वेळी नव्याने घ्या किंवा वॉलेटच्या वहीत एकदा तपासून नोंदवलेला वापरा. तपासताना मधली आठ-दहा अक्षरेही वाचा, आणि हार्डवेअर वॉलेट असेल तर संगणकाच्या पडद्यावरचा नव्हे, त्या उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता वाचा, कारण संगणकात क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारा घातक प्रोग्रॅम असू शकतो.